थेट शेतकऱ्याकडून भाजी घ्यायची तर: नागपूरकरांसाठी

इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी अशी वारांची नावे मिरवणाऱ्या वस्त्या आणि बाजार ज्या शहरात आहेत, त्या नागपुरात आठवडी बाजारातून आणलेली भाजी म्हणजे शेतकऱ्याकडून आणलेली भाजी, असा समज असणे स्वाभाविक आहे. तो समज बहुतांशी खरा नाही. बाजारात गोणपाट अंथरून बसलेल्या विक्रेत्यांपैकी बरेच जण पहाटे कॉटन मार्केट किंवा कळमना इथल्या ठोक बाजारांतून माल उचलून आणणारे चिल्लर विक्रेते असतात. त्यांच्या धंद्यात गैर काहीच नाही आणि शहराचे पोट त्यांच्याच कष्टांवर भरते. पण त्यांच्याकडून घेतलेली मेथी आणि ज्याने ती पेरली त्याच्याकडून घेतलेली मेथी, या दोन व्यवहारांत पैसा वेगळ्या वाटेने जातो, माहिती वेगळी मिळते आणि नुकसानही वेगळ्या माणसाच्या पदरी पडते. या लेखात मला विशेष करून हा शेवटचा मुद्दा उलगडायचा आहे, कारण थेट खरेदीविषयी बोलताना आपण ताजेपणा आणि भाव एवढ्यावरच थांबतो.

आधी नेहमीची वाट पाहू. कळमेश्वर तालुक्यातला एखादा शेतकरी दुपारनंतर फुलकोबी काढतो, पाने छाटून ती पोत्यांत किंवा कॅरेटमध्ये भरतो आणि चार-पाच जणांनी मिळून ठरवलेल्या टेम्पोत रात्री चढवतो. पहाटे अंधारातच अडत्याच्या, म्हणजे अडत (कमिशन) घेऊन माल विकून देणाऱ्याच्या, दुकानापुढे ढीग लागतात, बोली होते आणि ठोक व्यापारी किंवा मोठा चिल्लर विक्रेता तो माल उचलतो. तिथून ऑटोने गोकुळपेठ, सक्करदरा, सदर, तिथून हातठेल्यावर, आणि मग आपल्या दारात. या प्रवासात वाहतूक, हमाली, तोलाई, अडत, जागेचे भाडे आणि प्रत्येक टप्प्यावरचा नफा जमा होत जातो. भारतीय रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासनिबंधाचा अंदाज असा आहे की ग्राहक देतो त्या रुपयातले टोमॅटोच्या बाबतीत सुमारे ३३ पैसे, कांद्याच्या बाबतीत ३६ पैसे आणि बटाट्याच्या बाबतीत ३७ पैसे शेतकऱ्याला मिळतात.

हा आकडा वाचला की मधले सगळे लोक लुटारू आहेत असे म्हणण्याचा मोह होतो, आणि तो आवरला पाहिजे. उरलेल्या पैशांतला काही भाग नासाडीचा असतो. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या लुधियाना येथील काढणीपश्चात तंत्रज्ञान संस्थेने २०१५ साली मांडलेल्या अभ्यासात फळे व भाजीपाल्याची काढणीनंतरची हानी ४.५८ ते १५.८८ टक्क्यांच्या दरम्यान आढळली होती आणि त्यात सर्वांत वरचा क्रमांक पेरूचा होता. संध्याकाळी उरलेली पालकाची जुडी जो विक्रेता फेकून देतो, त्याने तिची किंमत सकाळी विकलेल्या जुड्यांवर आधीच लावलेली असते. अडत्यादेखील केवळ बोली लावून मोकळा होत नाही. दहा गावांचा माल एका जागी आणणे, त्याची प्रतवारी करवून घेणे, व्यापाऱ्याकडे उधारी थकली तरी शेतकऱ्याला पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, देणे आणि पुष्कळदा पेरणीच्या वेळी उचल देणे, ही कामे तोच करतो. थेट खरेदीत अडत्या गळतो, त्याची कामे मात्र गळत नाहीत. ती काही शेतकऱ्याकडे आणि काही आपल्याकडे येतात. ज्यांना हे उमजत नाही, ते महिनाभरात थेट खरेदीला कंटाळतात.

कायद्याच्या बाजूने पाहता आता फारशी आडकाठी नाही. महाराष्ट्रात शेतमालाच्या विक्रीचे नियमन १९६३ च्या कृषी उत्पन्न पणन कायद्याने होते. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त केला आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरवले. त्याच सुमारास राज्य कृषी पणन मंडळाने संत शिरोमणी सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजाराचे अभियान हाती घेतले. शहरात ठरावीक जागा आणि ठरावीक वार देऊन शेतकऱ्यांना, त्यांच्या गटांना व शेतकऱ्यांच्याच उत्पादक कंपन्यांना थेट विकू द्यायचे, अशी त्यामागची योजना आहे. कल्पना नवी नाही. पंजाबात १९८७ पासून अपनी मंडी भरते आणि आंध्र प्रदेशातले रयतु बाजार व तामिळनाडूतले उळवर संदै हे दोन्ही १९९९ चे आहेत.

शेतकरी बाजारात भाव कसा ठरतो, हे एका उदाहरणाने पाहू. आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. समजा, वांग्यांचा ठोक भाव किलोला २० रुपये आणि आपल्या गल्लीतला चिल्लर भाव ४० रुपये आहे. शेतकरी बाजारात तीच वांगी बहुधा ३० च्या आसपास मिळतील. वरवर पाहता दोघांनाही दहा-दहा रुपये सुटले. परंतु शेतकऱ्याचा अख्खा दिवस बाजारात गेला, टेम्पोचे भाडे त्याने एकट्याने भरले, घरातले एक माणूस शेतावरून कमी झाले आणि दुपारी उरलेली आठ-दहा किलो वांगी त्याला परत न्यावी किंवा पडेल त्या भावात द्यावी लागली. हे सगळे वजा केले की त्याच्या हाती त्या दहा रुपयांतले पाच-सहाच राहतात. म्हणून शेतकरी बाजारात जाऊन कॉटन मार्केटचा भाव मागणे मला अन्यायाचे वाटते.

आपल्याला मिळणारा लाभ भावापेक्षा ताजेपणात अधिक आहे आणि त्याला शास्त्रीय कारण आहे. तोडलेली भाजी जिवंत असते, तिचे श्वसन सुरू असते, आणि तापमान दहा अंशांनी वाढले की श्वसनाचा वेग साधारणपणे दुप्पट ते तिप्पट होतो. ज्या शहरात मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो, तिथे आदल्या दुपारी काढलेली पालक आणि आज पहाटे काढून सात वाजता विकायला आणलेली पालक यांत केवढे अंतर पडत असेल, ते हात लावताच कळते. पालेभाजीतले क जीवनसत्त्वही अशा उन्हात भराभर घटते. कांदा, बटाटा, लसूण, कोहळे यांच्या बाबतीत हा फरक नगण्य आहे, आणि कांदा-बटाटा तर नागपुरात मोठ्या प्रमाणावर बाहेरूनच येतो. थेट खरेदीची शिस्त लावायची तर सांबार (कोथिंबीर), मेथी, पालक, चवळीच्या शेंगा, वांगी, टोमॅटो यांच्यापासून सुरुवात करावी. पावसाळ्यात तरोटा आणि काटवल यांसारख्या रानभाज्याही याच मार्गाने उत्तम मिळतात, कारण त्या सहसा कुणी लागवड करून ठोकात पाठवत नाही.

शेतकरी बाजाराच्या पुढची पायरी म्हणजे ज्याला जगभर कम्युनिटी सपोर्टेड ॲग्रिकल्चर म्हणतात ती पद्धत. मराठीत मी तिला वाट्याची शेती म्हणते. जपानमध्ये १९७० च्या दशकात, अन्नातल्या रासायनिक अंशांनी धास्तावलेल्या गृहिणींनी आणि सेंद्रिय शेतकऱ्यांनी एकमेकांशी थेट नाते जोडले. त्या व्यवस्थेला तिथे तेइकेई म्हणतात. अमेरिकेत ही पद्धत १९८६ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायर या राज्यांतल्या दोन शेतांवर रुजली आणि तिथून पसरली. तिचे सूत्र असे: हंगाम सुरू होण्यापूर्वी काही कुटुंबे शेतकऱ्याच्या खर्चाचा व मेहनतान्याचा हिशेब त्याच्याबरोबर बसून करतात, ती रक्कम आपापसांत वाटून आगाऊ देतात, आणि मग त्या तुकड्यात जे पिकेल त्याचा वाटा दर आठवड्याला घेतात. आपण किलोने भाजी विकत घेत नाही. एका हंगामापुरते त्या तुकड्यातल्या पिकाचे वाटेकरी होतो. पीक भरपूर आले तर पिशवी जड होते आणि कमी आले तर हलकी.

आगाऊ पैसे आणि उभ्या पिकाचा सौदा या गोष्टी विदर्भाला परक्या नाहीत. काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी या पट्ट्यात संत्र्याची बाग झाडावर फळ असतानाच व्यापाऱ्याला देण्याची रीत जुनी आहे. व्यापारी बागेतून फिरतो, फळाचा अंदाज बांधतो, ठोकात रक्कम ठरवतो, इसार देतो आणि तोडणी स्वतः करतो. इथेही शेतकऱ्याला पैसे आधी मिळतात आणि पुढची जोखीम काही अंशी खरेदीदार घेतो. तरीही दोन्हींत मोठा फरक आहे. बागेच्या सौद्यात रक्कम ठरते ती व्यापाऱ्याच्या अंदाजावर आणि बाजार कुठे जाईल या अटकळीवर. फळगळ झाली किंवा भाव पडला की उरलेल्या रकमेवरून ओढाताण सुरू होते आणि त्या वेळी शेतकऱ्याची बाजू दुबळी असते. वाट्याच्या शेतीत रक्कम ठरते ती लागवडीच्या खर्चावरून, आणि तो खर्च सर्वांसमोर मांडलेला असतो.

पुन्हा समजुतीपुरता हिशेब करू. एका शेतकऱ्याने अर्ध्या एकरात १६ आठवडे पुरेल अशी मिश्र भाजी लावायची ठरवली आणि बियाणे, रोपे, शेणखत, मजुरी, ठिबकची झीज, शहरापर्यंतची वाहतूक आणि स्वतःचा मेहनताना मिळून ९६,००० रुपयांचा आकडा काढला, असे समजा. वीस कुटुंबे असतील तर प्रत्येकी ४,८०० रुपये, म्हणजे आठवड्याला ३०० रुपये पडतात. आता कसोटी पाहा. जानेवारीत मेथी, फुलकोबी, टोमॅटो यांचे भाव बाजारात इतके उतरतात की तेवढीच भाजी ठेल्यावर दोनशेत मिळते आणि वाटेकऱ्याला आपण फसलो असे वाटू लागते. मार्च संपताना ऊन वाढते, आवक घटते, तीच पिशवी बाजारात चारशे-साडेचारशेची होते, आणि आता शेतकऱ्याला मोह होतो की चांगला माल कॉटन मार्केटला पाठवावा. दोघांनीही आपापल्या वेळेचा मोह आवरला तरच ही व्यवस्था टिकते.

आमच्या भागातल्या चौदा कुटुंबांनी तीन वर्षांपूर्वी काटोल मार्गावरच्या एका शेतकऱ्याबरोबर असा प्रयोग केला, त्यातला एक प्रसंग सांगते. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात संध्याकाळी गारपीट झाली. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघीजणी शेतावर गेलो. पालकाच्या पानांची चाळण झाली होती, टोमॅटो वाफ्यांत फुटून पडले होते, फुलकोबीच्या प्रत्येक गड्ड्यावर तपकिरी ठिपके उमटले होते, आणि जमिनीखालची गाजरे व मुळे तेवढे शाबूत होते. त्या रविवारी पिशवीत गाजर आणि मुळा याशिवाय काही आले नाही आणि पुढचे दोन रविवारही जेमतेमच गेले. दोन कुटुंबांनी पैसे परत मागितले. आमच्याकडे लेखी काहीच नव्हते. शेतकऱ्याने वाद न घालता दोघांचे तीन आठवड्यांचे पैसे परत केले, आणि ते पाहून उरलेल्या आम्हा बाराजणांना फार अपराधी वाटले, कारण ज्या जोखमीत वाटेकरी होण्यासाठी आम्ही आगाऊ पैसे दिले होते, ती पहिल्याच झटक्यात पुन्हा एकट्या त्याच्या अंगावर पडली होती.

पुढच्या वर्षी आम्ही एका कागदावर साध्या मराठीत अटी लिहून काढल्या. गारपीट, अवकाळी पाऊस आणि कीड यांचे नुकसान सर्वांचे. शेतकऱ्याने ठरलेली लागवडच केली नाही किंवा आमच्या तुकड्यातला माल परस्पर विकला तर तेवढे पैसे परत. रक्कम एकदम न देता निम्मी लागवडीच्या वेळी आणि निम्मी पहिल्या पिशवीनंतर. कुणी गावाला गेले तर त्या आठवड्याचा वाटा शेजाऱ्याला द्यावा, पैसे वळते होणार नाहीत. आणि महिन्यातून एकदा कुणीतरी शेतावर जाऊन यावे. शेवटची अट आम्हाला आधी हौसेची वाटली होती. प्रत्यक्षात तीच सर्वांत उपयोगी ठरली, कारण वाफ्यात उभे राहून पाहिले की पिशवी हलकी का झाली याचे स्पष्टीकरण कुणाला मागावे लागत नाही.

आता एका गैरसमजाविषयी. जवळचे म्हणजे शुद्ध, असे समीकरण अनेकांच्या मनात पक्के असते. अंतर आणि शुद्धता यांचा परस्पर काही संबंध नाही. नाग नदी शहराचे सांडपाणी घेऊन पूर्वेकडे वाहते आणि तिच्या काठाने त्या पाण्यावर भाजी पिकवली गेली, तर ती शहराच्या सर्वांत जवळची असूनही खाण्याजोगी असेलच असे नाही. सांडपाण्यातले रोगजंतू पालेभाजीला चिकटून येतात आणि कारखानी सांडपाणी मिसळलेले असेल तर जड धातूही पिकात उतरू शकतात. म्हणून पहिला प्रश्न अंतराचा न विचारता पाण्याचा विचारावा: विहीर, बोअर, कालवा की नाला? दुसरा प्रश्न फवारणीचा. प्रत्येक कीटकनाशकाच्या लेबलवर शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस जाऊ द्यावेत हे छापलेले असते. एका शेतकरी बाजारात मी विचारले होते, "भाऊ, शेवटचा फवारा कधी मारला?" त्यावर त्याने कोबीचा गड्डा माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाला, "ताई, वांग्याले आठ दिवस झाले, पण कोबीवर परवाच मारला. कोबी आज नका नेऊ." त्या दिवसापासून मी त्याच्याकडून डोळे झाकून भाजी घेते. तो रसायने वापरतो, हे मला ठाऊक असूनही.

सेंद्रिय म्हणून विकल्या जाणाऱ्या मालाबाबत दोन प्रकारची प्रमाणपत्रे माहीत असावीत. एक निर्यातीच्या गरजेतून आलेली, त्रयस्थ संस्थेकडून तपासणी करवून घेण्याची पद्धत, जिचा खर्च दोन एकरांच्या शेतकऱ्याला एकट्याने झेपत नाही. दुसरी सहभागी हमी पद्धत, म्हणजे पीजीएस-इंडिया, जिच्यात गावातले शेतकरी गट करून एकमेकांची शेते तपासतात. सेंद्रिय शेतीकडे वळण्याच्या काळात हिरवे आणि ते रूपांतर पूर्ण झाल्यावर सेंद्रिय असे तिचे दोन टप्पे आहेत. सेंद्रिय शेतीच्या गाझियाबाद येथील ज्या राष्ट्रीय केंद्राकडे तिचे काम आहे, त्याचे एक प्रादेशिक केंद्र नागपुरात आहे, त्यामुळे माहिती घ्यायला दूर जावे लागत नाही. ज्याच्याकडे यांपैकी एकही कागद नाही तो खोटाच बोलतो असे मात्र नव्हे. ओळखीच्या छोट्या शेतकऱ्याच्या बाबतीत शेताला दिलेली भेट पुष्कळ काही सांगून जाते. ताज्या शेतमालासाठी शेतकऱ्याला अन्न सुरक्षा कायद्याखालचा परवाना लागत नाही, परंतु तोच माणूस हळदपूड, तिखट किंवा लोणचे विकू लागला की नोंदणी आवश्यक ठरते, आणि पाकिटावर तिचा क्रमांक असतो.

पर्यावरणाच्या दाव्यांकडेही जरा सावधपणे पाहावे. एका छोट्या गाडीतून चाळीस किलो भाजी शहरभर चौदा दारांत पोहोचवली, तर किलोमागे जळणारे इंधन भरलेल्या ट्रकपेक्षा जास्त असू शकते. आम्ही म्हणूनच घरपोच पद्धत बंद केली. आता शेतकरी एकाच ठिकाणी पिशव्या उतरवतो आणि आम्ही पायी किंवा सायकलने जाऊन आणतो.

भाजीची कटकट ज्यांना नको, त्यांच्यासाठी सुरुवातीची सोपी वाट आपल्या घरांतच आहे. वर्षाचे धान्य भरणे ही नागपूरच्या घरांना ठाऊक असलेली गोष्ट. तूर निघाली की डाळ, होळीच्या पुढेमागे गहू, उन्हाळ्यात मिरची आणि हळद घेऊन, उन्हे दाखवून, डब्यांत भरून ठेवायची. हीच खरेदी पाच-सात घरांनी मिळून एखाद्या शेतकऱ्याकडे किंवा उत्पादक कंपनीकडे आधी नोंदवून केली, तर वाट्याच्या शेतीतले निम्मे फायदे नाशवंत मालाच्या धावपळीशिवाय पदरात पडतात. शिवाय आपल्या भोवतीचा मालही साधासुधा नाही: नागपुरी संत्रा, भिवापूरची मिरची आणि वर्धा जिल्ह्यातली वायगावची हळद या तिन्हींना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. संत्र्याच्या बाबतीत आंबिया बहराचे फळ दिवाळीच्या आगेमागे आणि मृग बहराचे फेब्रुवारीपासून पुढे येते, हे लक्षात ठेवून दोन हप्त्यांत पेट्या नोंदवता येतात.

भाजीचाच वाटा घ्यायचा असेल तर पहिल्या वर्षी सोळा आठवड्यांचा आग्रह धरू नये. डिसेंबर-जानेवारीतले आठ आठवडे पुरेत, कारण त्या काळात पिकाचा भरवसा सर्वाधिक असतो आणि घरातल्यांना दर आठवड्याला येणाऱ्या मुळ्याचे व हरभऱ्याच्या भाजीचे काय करायचे हे शिकायलाही वेळ मिळतो. वांगी, टोमॅटो, फुलकोबी यांची रोपे गादीवाफ्यावर टाकण्याचे काम पोळ्याच्या पुढेमागे सुरू होते. शेतकऱ्याशी बोलणी त्याआधी झालेली असावीत. दिवाळीनंतर विचारायला गेले तर कोणत्या तुकड्यात काय लावायचे ते ठरून, रोपे लागूनही गेलेली असतात.